जमाखर्चाची वही आणि स्त्रीचा शब्द : सतराव्या शतकातील प्रांतीय इंग्लंडच्या संदर्भात

१

लँकेस्टरच्या तुरुंगात असताना मार्गारेट फेल या क्वेकर पंथाच्या विधवेने लिहिलेली एक पुस्तिका १६६६ साली प्रसिद्ध झाली. ‘विमेन्स स्पीकिंग जस्टिफाइड’ या शब्दांनी तिच्या शीर्षकाची सुरुवात होते. स्त्रीने धर्मसभेत बोलावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर तिने बायबलच्याच आधारे दिले होते. गेल्या काही दशकांतील स्त्रीवादी समीक्षेने या पुस्तिकेला सतराव्या शतकाच्या वाङ्मयेतिहासात मानाचे स्थान मिळवून दिले आणि ते योग्यच झाले. तिच्यानंतर सातच वर्षांनी, म्हणजे १६७३ मध्ये, मार्गारेटच्याच घरात, अल्व्हरस्टनजवळच्या स्वार्थमूर हॉलमध्ये, तिची अविवाहित मुलगी सारा एका जमाखर्चाच्या वहीत नोंदी करू लागली होती. ही वही १६७८ पर्यंतची आहे. नॉर्मन पेनी यांनी ती संपादित केली आणि १९२० मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने ती छापली. शेती, मजुरी, बाजारभाव यांचे अभ्यासक तिच्याकडे वारंवार वळतात. साहित्याचे अभ्यासक मात्र क्वचितच वळतात. आई ‘वाङ्मया’त गेली, मुलगी ‘साधनां’त राहिली.

ही विभागणी स्वाभाविक आहे असे आपण धरून चालतो. पुस्तिकेत युक्तिवाद आहे, आवाज आहे, ‘मी’ आहे. वहीत मीठ आहे, लोखंड आहे, शिलिंग आणि पेन्स आहेत. स्त्रियांचे लेखन शोधणाऱ्या समीक्षेने कविता, पत्रे, दैनंदिनी, आध्यात्मिक आत्मकथन अशा प्रकारांना हळूहळू संहितेचा दर्जा दिला. त्या प्रत्येक वेळी कसोटी एकच होती: लिहिणाऱ्या स्त्रीचे अंतरंग येथे प्रकट होते काय? जमाखर्चाची वही या कसोटीला उतरत नाही. म्हणून ती वगळली जाते. आणि ती वगळल्यानंतर उरलेल्या जागेला आपण त्या काळातील स्त्रीचे ‘मौन’ असे नाव देतो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, हे मौन काही अंशी आपल्या वाङ्मयप्रकारविषयक कल्पनांनीच निर्माण केले आहे. बोलण्याचा अधिकार आणि हिशोब ठेवण्याचा अधिकार ही त्या काळातील स्त्रियांच्या दृष्टीने दोन वेगळी प्रकरणे नव्हती. एकाचा इतिहास दुसऱ्याशिवाय लिहिला तर तो अपुरा राहतो.

२

प्रथम कायद्याची चौकट पाहिली पाहिजे. इंग्लंडच्या सामान्य कायद्यात स्त्रीची आर्थिक ओळख तिच्या वैवाहिक स्थितीवरून ठरत असे. अविवाहित प्रौढ स्त्री आणि विधवा यांना स्वतंत्र व्यक्तिमत्त्व होते: त्या मालमत्ता बाळगू शकत, करार करू शकत, दावा लावू शकत, मृत्युपत्र करू शकत. विवाह होताच हे व्यक्तिमत्त्व पतीच्या व्यक्तिमत्त्वात विलीन होई. या स्थितीला ‘कव्हर्चर’, म्हणजे आच्छादन, असे नाव होते. स्त्रीची जंगम मालमत्ता पूर्णपणे पतीची होई. जमिनीचे उत्पन्न आणि व्यवस्था त्याच्या हाती जाई. पतीच्या संमतीवाचून तिला मृत्युपत्रही करता येत नसे. पतीच्या मृत्यूनंतर तिचे कपडे व अंगावरचे दागिने तिला परत मिळत आणि जमिनीतील एकतृतीयांश हिश्शाच्या उत्पन्नावर तिचा हयातीपुरता हक्क असे. किंवा त्याऐवजी विवाहाच्या वेळी ठरलेली तरतूद असे. मराठी वाचकाला येथे ‘स्त्रीधन’ हा शब्द आठवणे साहजिक आहे. परंतु तो येथे बेताने वापरावा. स्त्रीधनाच्या कल्पनेत विवाह चालू असतानाही काही मालमत्ता स्त्रीचीच राहते असे गृहीत आहे. इंग्लंडच्या सामान्य कायद्याला नेमके तेच मान्य नव्हते.

कायदा असा होता म्हणून व्यवहारही तसाच होता, असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. एमी लुईस एरिक्सन यांनी ‘विमेन अँड प्रॉपर्टी इन अर्ली मॉडर्न इंग्लंड’ (१९९३) या ग्रंथात मृत्युपत्रे, मालमत्तेच्या याद्या आणि न्यायालयीन कागद तपासून दाखवले की, सामान्य स्थितीतील कुटुंबेही विवाहापूर्वी करार करून मुलीच्या मालमत्तेला संरक्षण देत. त्यासाठी चान्सरी न्यायालयाच्या न्यायतत्त्वाचा आणि विश्वस्त नेमण्याच्या युक्तीचा उपयोग केला जाई. शिवाय सामान्य कायद्यातच एक फट होती: घरखर्चाच्या आवश्यक वस्तूंसाठी पत्नीने पतीच्या नावावर केलेली उधारी पतीला बंधनकारक असे. जिला कायद्याने स्वतःचे असे काहीच नाही, तिला रोजच्या बाजारात मात्र दुसऱ्याच्या वतीने सतत व्यवहार करावा लागे. मालकी एकाची, व्यवहार दुसरीचा! गृहस्वामिनीच्या हिशोबवहीचा जन्म या विसंगतीत आहे.

३

नॉरफोकच्या किनाऱ्यावरील हन्स्टंटन येथील अ‍ॅलिस ल स्ट्रेंज (१५८५–१६५६) हिचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. ती सर हेमन ल स्ट्रेंज याची पत्नी. जेन व्हिटल आणि एलिझाबेथ ग्रिफिथ्स यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या घराच्या १६१० ते १६५४ या काळातील हिशोबांचा सविस्तर अभ्यास आहे. अ‍ॅलिसने आधी घरखर्चाचे हिशोब हाती घेतले. पुढे मेंढ्यांचे आणि जमीनजुमल्याचे हिशोबही ती पाहू लागली. पती मिळवतो आणि पत्नी राखते, पती बाहेर पाहतो आणि पत्नी घरात, अशी शिकवण त्या काळच्या उपदेशपर पुस्तकांतून सर्रास दिली जात असे. जर्व्हास मार्कमच्या ‘द इंग्लिश हाउसवाइफ’ (१६१५) या पुस्तकात स्वयंपाक, औषधे, दूधदुभते, मद्य गाळणे, सूत व कापड हे सारे गृहिणीच्या कक्षेत आहे. जमीनजुमल्याचा हिशोब मात्र त्या कक्षेत येत नाही. अ‍ॅलिसच्या वह्या शेजारी ठेवल्या म्हणजे या शिकवणीतील ‘आत’ आणि ‘बाहेर’ यांच्यामधली भिंत किती कच्ची होती हे कळते.

या हिशोबांची रचना नीट समजून घेतली पाहिजे. आजचा वाचक हिशोबाची वही म्हटली की नफातोटा काढण्याचे साधन असे समजतो. सतराव्या शतकातील जमीनदार घरांतील हिशोबाचा हेतू वेगळा होता. दिवाणजीने किंवा कारभाऱ्याने किती रक्कम ताब्यात घेतली आणि ती कशी खर्ची घातली, हे मालकापुढे मांडून जबाबदारीतून मुक्त व्हावे, यासाठी ही पद्धत रूढ झाली होती. या पद्धतीत हिशोब ठेवणारा आणि हिशोब घेणारा अशी दोन माणसे गृहीत असतात. म्हणजे ही वही मूलतः संवादरूप आहे. तिला एक श्रोता आहे. पत्नीने हा साचा उचलला तेव्हा तिने कारभाऱ्याची भूमिका स्वीकारली. ही भूमिका दुय्यम आहे, कारण तिच्यामागे उत्तर मागणारा कोणीतरी उभा आहे. पण ती पराधीन मात्र नाही, कारण कारभाऱ्याच्या ज्ञानावाचून मालकाला आपल्या मालकीची मोजदादही करता येत नाही.

हेमनच्या बाबतीत हे अक्षरशः खरे ठरले. १६४३ च्या उन्हाळ्यात किंग्ज लिन हे बंदर राजपक्षाकडे गेले तेव्हा त्याची व्यवस्था हेमनकडे होती. पार्लमेंटच्या सैन्याने वेढा घातला आणि सप्टेंबरमध्ये शहर शरण आले. त्यानंतर नुकसानभरपाईच्या मागण्यांनी या कुटुंबाला घेरले. झालेल्या हानीची नोंद अ‍ॅलिसने केली. लढाईचा इतिहास पुरुषांनी लिहिला. लढाईची किंमत तिने लिहिली. साहित्याच्या अभ्यासकांना या घरातील एक नाव परिचित आहे, ते तिचा मुलगा रॉजर याचे. राजेशाहीच्या पुनःस्थापनेनंतर छापखान्यांवर देखरेख ठेवणारा, वादग्रस्त पत्रके लिहिणारा आणि १६९२ मध्ये इसापच्या कथांचे इंग्रजी रूप प्रसिद्ध करणारा रॉजर लेस्ट्रेंज तो हाच. मुलाच्या गद्याची चर्चा होते. ज्या वह्यांनी त्याचे घर सावरले त्यांची गद्य म्हणून चर्चा होत नाही.

४

हिशोबाच्या वहीत एकेका व्यवहाराची ओळ असते. पण तिच्यामागे सगळ्या समाजाचे जाळे असते. क्रेग मुलड्रू यांनी ‘द इकॉनॉमी ऑफ ऑब्लिगेशन’ (१९९८) या ग्रंथात, बऱ्याच अंशी किंग्ज लिन येथीलच दाव्यांच्या कागदपत्रांवरून, असे प्रतिपादन केले की या काळात नाण्यांचा तुटवडा असल्यामुळे बहुतेक व्यवहार उधारीवर होत. आणि उधारी ही माणसाच्या लौकिकावर चाले. इंग्रजीतील ‘क्रेडिट’ या शब्दात विश्वास आणि उधारी हे दोन्ही अर्थ होते. मराठीला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. ‘पत’ हा आपला शब्द बाजारातही चालतो आणि अब्रूच्या गोष्टीतही चालतो. स्त्रीच्या बाबतीत हे दोन अर्थ एकमेकांत अधिकच गुंतलेले होते. तिची अब्रू शीलावरून मोजली जाई आणि त्या अब्रूवरच घराची बाजारातील पत काही अंशी अवलंबून असे. व्यवस्थित ठेवलेली वही म्हणजे तिच्या विश्वसनीयतेचा लेखी पुरावा होता.

हेरफर्डच्या जॉइस जेफ्रीजच्या वहीत पतीचे आच्छादन नाही. ती आजन्म अविवाहित राहिली. १६३८ ते १६४८ या दहा वर्षांच्या तिच्या वहीत जमा आणि खर्च दोन्ही बाजू आहेत, आणि जमेच्या बाजूचा मोठा भाग व्याजाचा आहे. भोवतालच्या परगण्यांतील वेगवेगळ्या स्तरांतील लोकांना ती कर्जे देत असे. व्याजाची कमाल मर्यादा १६२४ च्या कायद्याने दरसाल दरशेकडा ८ ठरवली होती; १६५१ मध्ये ती ६ वर आली. म्हणजे व्याजाने पैसे देणे हा आता केवळ नीतीचा प्रश्न राहिला नव्हता, तो दराचा प्रश्न झाला होता. ज्यांना जमीन कसायची नाही, व्यापाराच्या संघात ज्यांना सहज प्रवेश नाही, पदरी मात्र थोडीफार रोकड आहे, अशा स्त्रियांना हा व्यवसाय सोयीचा होता. बँका उदयाला येण्यापूर्वी प्रांतीय इंग्लंडमध्ये भांडवल फिरते ठेवण्याचे काम ज्यांनी केले त्यांत अशा अविवाहित स्त्रिया आणि विधवा होत्या. यादवी युद्धात हेरफर्ड अनेकदा या पक्षाकडून त्या पक्षाकडे गेले, जॉइसला शहर सोडावे लागले आणि वेशीबाहेरची तिची घरे पाडली गेली. तरीही तिची वही चालू राहिली. जूडिथ स्पिक्सली यांनी संपादित केलेली ती आता (२०१२) छापील स्वरूपात उपलब्ध आहे. ‘अविवाहित स्त्री’ म्हणजे कुणाच्या तरी घरातील आश्रित, ही कादंबऱ्यांनी रुजवलेली प्रतिमा या वहीपुढे टिकत नाही.

५

आता स्वार्थमूरकडे परतू. घराचा धनी न्यायाधीश टॉमस फेल १६५८ मध्ये मरण पावला होता. मार्गारेटने १६६९ मध्ये क्वेकर चळवळीचा प्रवर्तक जॉर्ज फॉक्स याच्याशी विवाह केला. कायद्याने पाहता तिची मिळकत नव्या पतीच्या ताब्यात जायला हवी होती. फॉक्सने विवाहापूर्वीच तिच्या मालमत्तेत हात घालणार नाही असे स्पष्ट केले आणि तिच्या मुलींची संमती विचारली. कव्हर्चरचा कायदा बदलण्याची ताकद या लोकांकडे नव्हती. त्याचा लाभ नाकारण्याची मोकळीक मात्र होती, आणि ती त्यांनी वापरली.

सारा वही लिहीत होती तो काळ शांततेचा नव्हता. डिसेंबर १६७३ मध्ये फॉक्सला अटक झाली आणि तो १६७५ च्या आरंभापर्यंत वुस्टरच्या तुरुंगात होता. सुटकेनंतर १६७५ च्या जूनपासून १६७७ च्या मार्चपर्यंत तो स्वार्थमूरला राहिला. आईच्याही वाट्याला तुरुंग आणि प्रवास होते. घर, शेत, फोर्स फोर्ज येथील लोखंडाच्या भट्टीचा व्यवहार, आई आणि बहिणी यांची वेगवेगळी खाती, शेजाऱ्यांशी होणारी रकमांची देवघेव हे सारे साराच्या वहीत एकत्र येते. त्यात स्त्रियांच्या मासिक सभेचा निधीही आहे. ही सभा १६७१ पासून स्वार्थमूर येथे भरू लागली होती. गरजू स्त्रियांना साह्य करणे आणि होऊ घातलेल्या विवाहांची चौकशी करणे ही तिची कामे होती.

या स्त्रीसभांना पंथातूनच विरोध झाला. जॉन विल्किन्सन आणि जॉन स्टोरी यांच्या नेतृत्वाखाली वेस्टमोरलंडमधील काही क्वेकरांनी १६७० च्या दशकात त्यांच्या विरोधात फूट पाडली. ‘अंतःप्रकाश स्त्री-पुरुष दोघांतही आहे’ हे तत्त्व अनेकांना मान्य होते. स्त्रीने आवेशात येऊन प्रवचन करणेही त्यांनी एकवेळ सोसले असते. स्त्रियांची स्वतंत्र सभा, तिचे स्वतंत्र दप्तर, तिचा निधी आणि विवाहांवर तिची नजर हे मात्र सोसवेना. प्रेरणेने बोलणारी स्त्री अपवाद म्हणून मान्य करता येते. दप्तर ठेवणारी स्त्री ही संस्था असते. याच सुमारास, १६७५ ते १६८० या काळात, लँकेशायरच्या स्त्रीसभेने ठिकठिकाणच्या स्त्रीसभांना उद्देशून एक पत्र लिहिले. त्यात साराचा हात होता असे अभ्यासक मानतात. त्या पत्रात स्त्रियांच्या आध्यात्मिक समानतेचे समर्थन आहेच. पण सभेने वही ठेवावी, आलेला पैसा आणि गेलेला पैसा नीट लिहावा, हेही सांगितले आहे. मार्गारेटच्या पुस्तिकेतील युक्तिवाद आणि साराच्या वहीतील शिस्त या एकाच पत्रात शेजारी शेजारी उभ्या आहेत. पहिल्या भागाला ‘विचार’ आणि दुसऱ्याला ‘व्यवस्था’ म्हणून वेगळे काढणारी समीक्षा त्या पत्राची संहिताच मोडून टाकते.

६

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, हिशोब ठेवणे हे कर्तेपणाचे लक्षण नसून शिस्तीचे लक्षण आहे; वहीत स्त्रीचा आवाज नसून सत्तेची भाषा आहे. हा आक्षेप निराधार नाही. जबाब देण्याचा साचा तिने निर्माण केलेला नव्हता. परंतु पुस्तिकेचा साचाही मार्गारेटने निर्माण केला नव्हता. तिने बायबलच्या अर्थनिर्णयाची पुरुषांनी घडवलेली पद्धतच उचलली. एका बाबतीत उसन्या भाषेला आपण प्रतिरोध म्हणतो आणि दुसऱ्या बाबतीत अधीनता, यामागे तर्क नाही, केवळ अभिरुची आहे. अ‍ॅडम स्मिथ (साहित्याचे आजचे अभ्यासक, अठराव्या शतकातील अर्थशास्त्रज्ञ नव्हेत) यांनी २०१० मध्ये दाखवून दिले की या काळातील आत्मलेखन अनेकदा हिशोब, पंचांगातील टाचणे, वचनवह्या अशा साच्यांतूनच वाढले. इंग्रजीत ‘अकाउंट’ म्हणजे हिशोब आणि हकिकतही. मराठीत शब्द दोन आहेत. पण ‘आयुष्याचा हिशोब’ असे आपणही म्हणतोच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वही ठेवणाऱ्या स्त्रिया संख्येने फार थोड्या. डेव्हिड क्रेसी यांच्या अंदाजानुसार १६४० च्या दशकात सुमारे ३० टक्के पुरुषांना आणि केवळ १० टक्के स्त्रियांना सही करता येत होती. लिहिण्याआधी वाचणे शिकवले जाई, त्यामुळे वाचता येणाऱ्या स्त्रिया याहून अधिक असणार. पण हिशोब लिहिणाऱ्या याहून कमीच. अ‍ॅलिस आणि सारा यांच्या वह्यांत इतर स्त्रिया येतात त्या खर्चाच्या बाजूला. त्या गवत कापतात, निंदणी करतात, सूत कातून देतात. त्यांच्या नावापुढे पुरुषांहून कमी मजुरी पडते. १५६३ च्या कायद्यानुसार न्यायाधिकारी जे मजुरीचे दर ठरवत त्यांतच स्त्रियांचा दर कमी धरलेला असे. वहीतील ‘मी’ शोधण्याच्या भरात खर्चाच्या बाजूकडे दुर्लक्ष झाले, तर आपण पुन्हा एका वर्गाच्या स्त्रीला सर्व स्त्रियांची प्रतिनिधी करून टाकू.

या अडचणीतून एक वाट एरिक्सन यांनीच दाखवली आहे. पती मेल्यानंतर त्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणारी बहुधा विधवाच असे. कर्जे फेडली, दफनाचा खर्च केला, मुलांना वाढवले, याचा हिशोब तिला चर्चच्या न्यायालयात शपथेवर द्यावा लागे. लिहिणारा कारकून असे. सांगणारी ती असे. १६७० च्या कायद्याने, मृत्युपत्र न करता मरण पावलेल्याच्या जंगम मालमत्तेत मुले असल्यास विधवेचा वाटा एकतृतीयांश आणि नसल्यास निम्मा असा ठरला. त्यापूर्वी न्यायालये विधवेला अनेकदा याहून अधिक देत, हे एरिक्सन यांनी या कागदांवरूनच दाखवले. म्हणजे सुव्यवस्था आणणारा म्हणून ओळखला जाणारा कायदा विधवेच्या दृष्टीने संकोच करणारा होता. सहीऐवजी खूण करणाऱ्या स्त्रीचे हे कथनही हिशोबच आहे, आणि त्यात घराचा मोडलेला डोलारा एकेका शिलिंगाने उभा करण्याची हकिकत आहे.

७

अ‍ॅलिस क्लार्क यांनी १९१९ मध्ये ‘वर्किंग लाइफ ऑफ विमेन इन द सेव्हन्टीन्थ सेंच्युरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. घर हे उत्पादनाचे केंद्र होते तोवर स्त्री उत्पादक होती. भांडवलशाहीने उत्पादन घराबाहेर नेले आणि तिचे स्थान घसरले, असा त्यांचा सिद्धान्त. हे चित्र नंतरच्या अभ्यासकांनी बरेच दुरुस्त केले. मजुरीतील विषमता भांडवलशाहीहून जुनी आहे हे आता मान्य आहे. पण घरखर्चाला इतिहासाचे साधन मानण्याची त्यांची दृष्टी टिकून राहिली. त्यांच्यानंतर दहा वर्षांनी ‘अ रूम ऑफ वन्स ओन’मध्ये व्हर्जिनिया वुल्फने सामान्य स्त्रीच्या जीवनाची माहिती परगण्यांच्या नोंदवह्यांत आणि हिशोबाच्या वह्यांत कुठेतरी पडून असेल असे सुचवले. वुल्फच्या निबंधातील खोली आणि वार्षिक पाचशे पौंड यांची चर्चा समीक्षेने पुष्कळ केली. हिशोबाच्या वह्यांचा तिचा निर्देश इतिहासकारांनी मनावर घेतला, समीक्षकांनी नाही.

वुल्फच्या म्हणण्यात पैसा ही लेखनाची पूर्वअट आहे: आधी उत्पन्न, मग शब्द. अ‍ॅलिस, जॉइस आणि सारा यांच्या वह्या पाहिल्यावर या क्रमात दुरुस्ती करावीशी वाटते. त्यांच्या बाबतीत पैशाची नोंद हाच शब्द होता. आपल्या ताब्यात काय आले, आपण त्याचे काय केले, आणि याविषयी विचारले तर आपण उत्तर देऊ शकतो, इतके तो शब्द सांगतो. कायद्याने जिला व्यक्ती मानले नाही तिने ‘मी उत्तर देऊ शकते’ असे लिहून ठेवणे, ही वाङ्मयाबाहेरची गोष्ट समजायची असेल, तर वाङ्मयाची आपली व्याख्याच पुन्हा तपासली पाहिजे.